पिंपाचं कडं

कडं दाराच्या मागं उभं करून ठेवलं आहे. सून दोनदा म्हणाली की गंज भिंतीला लागतो, म्हणून मी खाली जुनं पोतं टाकलं. टाकताना पोतं ओलं आहे का ते हातानं चाचपून पाहिलं. मग माझं मलाच कसंतरी झालं. इतकी वर्षं झाली, पोतं वाळता कामा नये ही भीती अजून माझ्या बोटांत आहे.

मागच्या महिन्यात माहेरी, रोहण्याला गेले होते. भावानं आमचं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं आहे. वर काळी टाकी, खाली नळ. गोठ्याच्या कोपऱ्यात भंगारवाल्यासाठी ढीग काढून ठेवला होता. त्यात फुटकी घमेली, मोडका डवरा, सायकलची चाकं आणि मधे आमच्या पाण्याच्या पिंपाचं हे लोखंडी कडं. मी ओळखलं. हातात घेतलं तर हाताला तोच वास आला. गंजाचा, जवसाच्या तेलाचा आणि त्या दोन्हींच्या खाली अगदी बारीक असा आंबट वास. भाऊ हसून म्हणाला की घेऊन जा, पण याचं करशील काय.  त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं, तो तेव्हा पाळण्यात होता.

ते पिंप मामानं आणलं होतं. मामा हिंगणघाटला कापडाच्या गिरणीत कामाला होता. सुताला लावायची खळ तिथं लाकडी पिंपांतून येई आणि पिंपं जुनी झाली की गिरणीवाले बाहेर काढत. मामानं एक मागून घेतलं. पुलगावपर्यंत मोठ्या गाडीनं, तिथून आर्वीच्या छोट्या गाडीनं, आणि रोहण्याच्या स्टेशनावरून बैलगाडीत घालून आमच्या अंगणात. मी तेव्हा मायच्या कडेवर होते म्हणतात. मला आठवतं ते पिंप अंगणात आधीपासूनच आहे, जसं आभाळ आधीपासून असतं.

आमची विहीर नाल्याच्या पलीकडे होती. तिचं पाणी जड. तुरीची डाळ तासभर शिजवली तरी दाणा दाणा राही. आणि पावसाळ्यात तिथवर जायचं म्हणजे काळ्या मातीचा गारा तुडवत जायचं. पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत आणि काढला की फट्‌ असा आवाज. डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, घेऊन बायका त्या नाल्यातून चढत, तेव्हा कोणी घसरेल या धास्तीनं अलीकडच्या काठावरच्या बायका बोलणं थांबवत. म्हणून आमच्या घरात पिंपाचा मान मोठा. छपरावरच्या कवेलूच्या उतारावरून पाणी पत्र्याच्या पन्हाळीत येई आणि पन्हाळीतून पिंपात. त्या पाण्यात डाळ लगेच शिजे. केस धुतले तर रेशमासारखे होत.

सुतारानं पिंपाचं वरचं बूड पूर्ण काढलं नव्हतं. पाला, पाली, कोंबड्या आत पडतात, आणि एखादं लेकरूही पडेल, म्हणून त्यानं मधोमध फक्त एक गोल भोक पाडलं होतं. पीठ चाळायच्या मोठ्या चाळणीएवढं. त्याला आम्ही पिंपाचं तोंड म्हणत असू. त्यावर जड लाकडी झाकण. पिंप तीन दगडांवर उभं होतं, खालून वारा खेळावा आणि बूड कुजू नये म्हणून.

बाबा म्हणत, लाकडाचं पिंप म्हणजे दुभतं जनावर आहे. भाकड दिवसांतही त्याला चारा घालावा लागतो. पिंपाचा चारा म्हणजे ओल. पावसाळा संपून पाणी सरलं तरी बुडात दोन गुंड पाणी कायम राहिलं पाहिजे. होळी झाली की पिंपाभोवती पोती गुंडाळायची आणि सकाळी एकदा, दुपार उतरताना एकदा ती भिजवायची. लाकूड वाळलं की फळ्या आकसतात, फळ्या आकसल्या की कडी ढिली होतात आणि मग सगळं सुटतं. दिवाळीनंतर बाबा बाहेरून जवसाचं तेल चोळत. कुठं पाझर दिसला तर राळेत बुडवलेला कापूस सुरीनं फटीत भरत. कडी दगडानं ठोकून खाली बसवत. ते ठोकणं मला आवडायचं. ठण् ठण् असं घुमत जाई आणि गोठ्यातली गाय मान वर करून पाही.

आणि वर्षातून एकदा, रोहिणी नक्षत्र लागलं की पिंप आतून घासायचं. मृगाचं पाणी धुतलेल्या पिंपातच पडलं पाहिजे असा मायचा नेम होता. त्यासाठी कोणीतरी आत उतरायला हवं. भोक चाळणीएवढं. म्हणून घरातली पोरगी उतरायची.

आधी बाई उतरायची. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. बाई आत गेली की मी वरून घोसाळ्याची वाळकी जाळी, विटेची पूड आणि राख खाली देई. तिचा आवाज आतून मोठा होऊन येई, जणू आमच्या घरात एक परकी मोठी बाई बोलते आहे. घासून झालं की कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा. पिंप धुरानं भरे आणि तोंडातून धूर निघे. मी दूर उभी राहायची.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी बाई अडकली. पाय गेले, कंबर गेली, आणि खांद्याशी अडली. मायनं वरून दाबून पाहिलं. बाई रडवेली झाली. शेवटी तिला बगलेत धरून वर काढलं. आत्याबाई, म्हणजे बाबांची मोठी बहीण, ओसरीवर तूर पाखडत बसली होती. ती आमच्याकडेच राहायची. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. ती सूप थांबवून म्हणाली, "पिंपात नाई मावली, आता मांडवातच मावते ही."

सगळे हसले. बाईही हसली. मग माझ्याकडे पाहून माय म्हणाली की तू उतर.

मी पहिल्यांदा आत उतरले. आत दिवस नव्हता. वर एक गोल उजेड आणि त्यात मायचं तोंड. बाकी सगळं ओलं, काळं आणि आंबट. मी श्वास घेतला तर पिंपानंही घेतला. मी घाबरून "माय" म्हटलं तर चारी बाजूंनी कोणी "माय" म्हणालं. मी इतकं भराभर घासलं की बोटांची सालं निघाली.

त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत बाईला पाहायला पाहुणे आले आणि ज्येष्ठाच्या शेवटच्या मुहूर्तावर तिचं लग्न झालं. हिंगणघाटच्या पुढं वेणा नदीच्या काठी तिचं गाव. चौदा वर्षांची होती. बोलणी आधीपासूनच चालली असतील. पण आम्हां पोरींना कोण सांगतं. मला एवढंच दिसलं की बाई पिंपात मावली नाही आणि बाई गेली. आत्याबाईचं बोलणं मला देवाच्या बोलण्यासारखं वाटलं.

बाई पहिल्यांदा माहेरी आली ती भुलाबाईच्या दिवसांत. गल्लीतल्या पोरी संध्याकाळी आमच्या ओसरीवर गाणी म्हणायला जमत, टाळ्या वाजवत, खिरापत ओळखत. बाई त्यांच्यात बसली पण तिचे ओठ हलत नव्हते. तिचे हात वेगळे दिसत होते. मोठ्या बाईचे हात. ती आली त्या दिवसापासून मी तिच्या मागं मागं फिरत होते, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

एक दिवस सकाळी माय आणि आत्याबाई शेतात गेल्या होत्या. मी पिंपाच्या मागं भिंतीच्या बाजूला बसले होते. तिथं ओल असायची, गार वाटायचं. बाई आली. तिनं झाकण सरकवलं. पिंप तेव्हा गळ्यापर्यंत भरलेलं होतं. मला वाटलं पाणी घेते आहे. पण तांब्याचा आवाज आला नाही. मी कान फळीला लावला. आधी नुसता श्वास. मग पाण्यावरून, लाकडातून, हळू पण स्पष्ट, बाईचा आवाज आला. "मले तिथं परत नका पाठवू."

दोनदा म्हणाली. मग झाकण सरकवलं आणि निघून गेली.

मी तिथंच बसून राहिले. फळीची ओल माझ्या कानाला लागली होती. मला वाटलं, हे माझ्यासाठी नाही. हे पिंपाला सांगितलं आहे. दुसऱ्याला सांगितलेलं आपण ऐकणं म्हणजे चोरी. आणि मी तशीही बोलणारी नव्हते. शाळेत गुरुजी नाव विचारत तेव्हा माझ्याऐवजी शेजारची मुलगी सांगायची. चार दिवसांनी दिवाळीआधीच जावई आला आणि बाई गेली. गाडीत बसताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मायच्या पदरामागं गेले.

बाईचं तिथं काय झालं, काय नाही झालं, ते मी इथं लिहीत नाही. तिनंही कधी सांगितलं नाही.

मी चौथी पास झाले आणि शाळा संपली. पुढची शाळा दूर होती आणि घरात काम होतं. पिंप माझ्याकडे आलं. पोती भिजवणं, बुडातलं पाणी पाहणं, तेल लावताना बाबांच्या हाताखाली वाटी धरणं. दरवर्षी रोहिणीत मी आत उतरायची आणि दरवर्षी तोंड जरा लहान झालेलं असायचं. दहाव्या वर्षी मी मासोळीसारखी गेले. अकराव्या वर्षी कमरेला लाकूड लागलं. बाराव्या वर्षी खांदे तिरपे करावे लागले आणि दंडाला खरचटलं. ती जखम मी कोणाला दाखवली नाही. आत्याबाई ओसरीवरून पाहत होती. म्हणाली, "औंदा गेली वो. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली पाहू. वर्षभर ते माझ्या कानात राहिलं. आता मला आतला अंधार भीतीचा वाटत नव्हता. बाहेर राहण्याची भीती वाटत होती. मी आंघोळ करताना दोन हातांनी खांदे मोजायची. दिवसातून चार वेळा पिंपाचं तोंड डोळ्यांनी मोजायची. मी अर्धी भाकर खायची आणि अर्धी ओच्यात लपवून गायीला द्यायची. गाय माझी वाट पाहायला शिकली. मी दिसले की हंबरायची, आणि मला वाटायचं ही आता सगळ्यांना सांगेल.

संक्रांतीनंतर आर्वीकडच्या कोणा पाहुण्यांचं नाव घरात निघू लागलं. कापूस विकला की ते येतील. मी आत गेले की बोलणं बदलायचं.

तेव्हा मला ती गोष्ट सुचली. आमचं मागचं दार पावसाळ्यात फुगायचं, ओढून लावावं लागायचं. उन्हाळ्यात तेच दार इतकं ढिलं व्हायचं की वाऱ्यानं उघडायचं. मी मनात म्हटलं, लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणजे पिंप वाळलं तर त्याचं तोंड मोठं होईल. फक्त तोंडच मोठं व्हावं, एवढंच मला हवं होतं. बाकीच्या पिंपाचं मी मनात आणलं नाही. भीती असली की माणूस एकाच बाजूनं विचार करतं.

चैत्रापासून मी पोती भिजवणं सोडलं. घराकडून दिसणाऱ्या पोत्यांवर पाणी शिंपडायची, मागची कोरडी ठेवायची. वरच्या बुडावरचं ओलं फडकं काढून टाकलं. बुडातलं पाणी थोडं थोडं उपसून परसातल्या निंबूच्या, म्हणजे लिंबाच्या झाडाच्या, आळ्यात ओतलं. जे पाणी पिंपाला घालायचं तेही तिथंच. तांब्या रिकामा होताना बुडबुड आवाज व्हायचा म्हणून मी तो तिरपा धरून ओतायची.

वैशाखात पिंप बोलू लागलं. भर दुपारी, घरातली माणसं आडवी झाली की परसाकडून टक् असा आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. मी चटईवर डोळे मिटून पडलेली असायची आणि प्रत्येक टक् मोजायची. माय एकदा झोपेत म्हणाली की कवेलूवर माकडं आली असतील. मी हो म्हटलं.

आणि निंबू फुटला. सगळं रान करपलेलं, कडुनिंबाखालची सावलीही तापलेली, आणि आमचा निंबू हिरवागार होऊन फुलला. त्याचा वास घरात येऊ लागला. अजूनही निंबूच्या फुलाचा वास आला की माझ्या हाताला घाम येतो. आत्याबाई एक दिवस झाडाखाली उभी राहिली, वर पाहिलं, आळ्यात पायाचा अंगठा दाबला. माती ओली होती.

"वैशाखात हे झाड बाळंतीन झालं," ती म्हणाली. "याले कोन जेवू घालून राह्यलं वो?"

"सांडपानी असंन," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग काही न बोलता गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रोहिणी लागली. मायनं सकाळी पोती काढली नाहीत, आधी तू आत हो, मग काढू, म्हणाली. मी झाकण सरकवलं. लाकूड हातात हलकं लागलं, उन्हाळ्यातल्या काटकीसारखं. बूड आधीच कोरडं होतं, पण मायच्या ते लक्षात आलं नाही, ती पाला तोडत होती. आत्याबाई ओसरीवर. बाबा गोठ्यात. मी पाय टाकले. कंबर गेली. खांदे मी श्वास सोडून आत ओढले आणि सपकन खाली गेले. कुठंही लागलं नाही. मी मावले होते.

तो आनंद मी पायाखाली बूड लागेपर्यंत भोगला. मग डोळे उघडले. आत उजेड होता.

जिथं कधी उजेड नसायचा तिथं माझ्या चारी बाजूंनी उजेडाच्या उभ्या रेषा होत्या. पोत्यांच्या विणीतून ऊन आत येत होतं, फळीफळीच्या मधून. माझ्या हातावर, पोटावर, पायांवर रेषा. मला सगळं कळलं. मी घोसाळ्याची जाळी घेतली आणि घासू लागले. घासलं तर बरं होईल असं वाटलं असावं. एक फळी हातानं बाहेर सरकली.

आधी खालचं कडं गेलं. दगडावर आपटून ठण् वाजलं. मग मधलं. मग माझ्या डोक्यावरचं लाकूड हललं, मी दोन्ही हात वर धरले, आणि पिंप माझ्याभोवती उघडलं. पोत्यांचा सुतळीबंध तुटला आणि फळ्या एकामागून एक बाहेर पडत गेल्या. शेवटी मी भर उन्हात अंगणात उभी होते, भोवती गोल फळ्या पसरलेल्या आणि पायांशी कडी. वरच्या बुडाचा एक तुकडा माझ्या खांद्यावरून घसरून खाली पडला.

  बाबा गोठ्यातून आले. मला वाटलं आता मारतील. बाबांनी मला कधी मारलं नव्हतं, त्यामुळे ते कसं असेल याची मला कल्पना नव्हती आणि म्हणून ते फार मोठं वाटत होतं.

"हालू नको," बाबा म्हणाले. "कोनी फळीले हात लावू नका."

त्यांनी चुलीतला कोळसा आणला आणि वाकून एकेका फळीवर आकडा टाकू लागले. फळ्या जशा पडल्या त्याच क्रमानं पुन्हा लागल्या पाहिजेत, नाहीतर पिंप कधीच जुळत नाही. ते गोल फिरत होते आणि मी मधोमध उभी. चोवीस फळ्या. घामानं माझं पोलकं अंगाला चिकटलं होतं. मी बाबांकडे पाहत नव्हते, म्हणून मायकडे पाहिलं. माय फळ्यांकडे पाहत नव्हती. ती माझ्या बरगड्यांकडे पाहत होती.

घरात नेऊन तिनं माझं पोलकं काढलं आणि पाठीवरून हात फिरवला. प्रत्येक हाडावर तिचा हात थांबत होता.

"भाकर कुठं जाते तुही?"

मी सांगितलं, गायीला.

"काऊन वो?"

मला वाटलं आता बोलता येणार नाही. पण अंगावर कापड नसलं की खोटंही बोलता येत नाही. मी म्हटलं, "मले पिंपात मावायचं हाय. नाई मावली त तुमी पाठवता."

 माय मला लुगड्याच्या पदरानं पुसत राहिली, मी ओली नव्हते तरी. मग बाहेर गेली. भिंतीआड तिचा आवाज आला. आत्याबाई म्हणत होती की थट्टेची गोष्ट होती, पोट्टीनं खरी मानली. बाबा म्हणाले की पाहुण्यांना शब्द दिला आहे. आणि मग माय, जी बाबांपुढं कधी बोलत नसे, म्हणाली, "एकीले पाठवलं तेवढं पुरे. हिले दोन वर्षं मी कुठंच पाठवत नाई."

पाहुण्यांना निरोप गेला.

मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला दुसरंच एक कळलं, आणि ते इतकं भीतीचं होतं की मी लगेच झाकून टाकलं. मायला सांगितलं तर माय ऐकते.

त्या वर्षी मृग आला आणि पन्हाळीचं पाणी जमिनीवर पडत राहिलं. फळ्या शेतातल्या हौदात दगडाखाली बुडवून ठेवल्या होत्या, लाकूड पुन्हा फुगायला. मामा येऊन कडी बसवेपर्यंत आर्द्रा नक्षत्रही सरलं. तोवर माय नाल्यापलीकडून पाणी आणत होती. मी सोबत जायची. एका सकाळी चढावर तिचा पाय गाऱ्यात रुतला आणि शरीर पुढं गेलं. गुंड गडगडत नाल्यात गेला. माय उठली, पण गुडघा पहिल्यासारखा कधी झाला नाही. पुढं वीस वर्षं ती तो पाय ओढत चालली. आधी चप्पल घासल्याचा आवाज यायचा, मग माय यायची. तिनं मला कधी काही म्हटलं नाही. आत्याबाईनंही नाही. तिनं त्यानंतर माझी थट्टाच सोडली.

सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. पिपरीला दिलं. माणसं चांगली निघाली. मी दर उन्हाळ्यात माहेरी गेले की पोती ओली आहेत का ते आधी पाहायची, मग मायला भेटायची. ऐंशीनंतर गावात प्लास्टिकचे ड्रम आले आणि पिंप कोणी भिजवेना. फळ्या सुटल्या त्या चुलीत गेल्या. भाऊ सांगतो, जवसाचं तेल प्यायलेलं लाकूड, डाळ पटकन शिजली.

गेल्या आठवड्यात बाई आली. आता तिचे केस पांढरे आहेत, अंग सुटलं आहे, हसते खूप. नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. माझ्या खोलीत बसलो. तिनं दाराच्या मागं पाहिलं आणि एकदम म्हणाली की हे आपल्या पिंपाचं. उठली, कडं ओढलं, पुतणीच्या कानातलं पाहावं तसं उलटसुलट पाहिलं.

"एक गोष्ट सांगू का तुले?" ती म्हणाली. "मी मावत होती वो त्या वर्षी."

मला कळलं नाही.

तिनं कडं डोक्यावरून घेतलं आणि कोपरं दोन्ही बाजूंना काढली. कडं कोपरांवर अडकलं. "अशी केली होती मी. आदल्या साली आत सापाची कात भेटली होती मले. कोनाले नाई सांगितलं. पन पुन्हा आत जायाची हिंमत नव्हती." मग जरा थांबून म्हणाली, "तुले उतरवलं माह्या जागी. लय वर्षं ते मनात होतं."

आणि तिनं कोपरं आत घेतली. कडं तिच्या अंगावरून सरकत खाली आलं आणि फरशीवर पडलं. ठण्. मी दोन्ही हात डोक्यावर धरले होते. बाई हसायला लागली, मला पाहून आणखी हसली. मीही हसले असते. मी वर्षभर अर्धपोटी राहिले ती ज्या मापात मावायला, ते माप खोटं होतं, एका भ्यालेल्या पोरीनं कोपरांनी केलेलं. पण हसू आलं नाही, कारण आता माझी पाळी होती. तिनं तिचं सांगितलं होतं.

मी खाली पाहून म्हटलं, "बाई, भुलाबाईच्या वक्ती तू पिंपात बोलली होती. मी मागं बसली होती. मी आयकलं."

बाई अजून कड्याच्या मधे उभी होती. हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि हळूहळू कमी झालं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पिंप दगडावर होतं. खालून तुह्या पायातले वाळे दिसत होते."

पंखा फिरत होता. बाहेर कोणाची गाडी गेली.

"तू मायले सांगशीन म्हून त बोलली होती मी."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हटलं. मग साडीला लागलेला गंज झटकला आणि कड्यातून एक पाय बाहेर काढला, मग दुसरा.

तेवढ्यात सून दारात आली. पीठ लागलेले हात तसेच. विचारत होती, आई, मघाशी कसला आवाज झाला, काय पडलं.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. गाडीत बसताना पाहिलं होतं तसंच. मागं जायला या खोलीत कोणाचा पदर नव्हता.

"बस जराशी," मी सुनेला म्हटलं. "सांगते."